भट्टीमागची खोली

चेस्टर परगणा, पेनसिल्व्हेनिया
पहिला महिना, १९वा दिवस, १८४६

फीबी,

बाबा गेले. चौथ्या वारी दुपारी गेले आणि सहाव्या वारी त्यांना आईशेजारी पुरलं. आपल्यात थडग्यावर दगड ठेवत नाहीत, हे तुला सांगायला नको. पण जवळच्या कुंपणाच्या खांबावर जेहू सुरीने बारीक खूण करत होता. मी पाहिलं तेव्हा म्हणाला, “खांब कुजलाय का ते बघतोय.” आपल्यात खोटं बोलत नाहीत, म्हणून मी पुढे काही विचारलं नाही.

हे पत्र जेहूने लिहायला सांगितलं. बारा वर्षं या घरातून तुला पत्र गेलं नाही, आणि तुझं आलं ते बाबांनी न फोडता परत पाठवलं. तेव्हा तूही हे तसंच परत पाठवलंस तर मला नवल वाटणार नाही.

मुद्दा असा. शेत आणि घर जेहूला. घरातलं सामान ‘माझ्या मुलांनी मौनात बसून एकमताने वाटून घ्यावं’ असं बाबांनी लिहून ठेवलंय. तुझं नाव कुठे नाही. पण ‘माझी मुलं’ असं आहे. जेहू म्हणाला, “सभेनं फीबीला काढलं, बाबांनी तिला उंबऱ्याआत घेतलं नाही, सगळं खरं. पण मुलं म्हटलं की आम्ही तिघं.” त्याची बायको प्रिसिला तू गेल्यानंतर या घरात आली, तू तिला पाहिलेलं नाहीस. ती म्हणाली, “असं का?” आणि पुन्हा विणायला लागली. तिचं ‘असं का’ बरंच लांबवर ऐकू येतं.

तर तुला काय हवं ते कळव.

माझं विचारशील तर, मी बिनलग्नाची आहे तोवर पश्चिमेची खोली माझी. मागच्या जिन्याने जायची-यायची वाट, सहाव्या वारी पाव भाजायला भट्टी, फोडून रचलेलं सरपण आणि एका गाईचा चारा, हेही माझं. उद्या घर कुणाकडेही गेलं तरी हे माझंच. बाबांनी चांगलं लिहिलंय. चाळिशी उलटलेल्या बाईच्या बाबतीत ‘बिनलग्नाची आहे तोवर’ म्हणजे मरेपर्यंत, हे त्यांनाही ठाऊक असणार.

मला अजून रडू आलेलं नाही. सभेतली थॉमझिन म्हणाली, येईल. मी दूध काढते, पीठ चाळते आणि वाट बघते.

टेसी


तिसरा महिना, २रा दिवस

बहीण फीबी,

तुझं पत्र मिळालं. ‘तुमचा पहिला महिना संपला का? इथे ओहायोत त्याला जानेवारी म्हणतात आणि थंडी तेवढीच पडते.’ बारा वर्षांनी तुझी पहिली ओळ ही! प्रिसिला शेजारी बसली होती म्हणून मी हसले नाही. नंतर हसू म्हटलं, ते राहूनच गेलं. वारांना नि महिन्यांना खोट्या देवांची नावं द्यायला तू शिकलीस, मी शिकणार नाही. तेवढं सोसून घे.

तू विचारलंस, शेवटी बाबांनी तुझं नाव घेतलं का. नाही घेतलं. गोड वाटावं म्हणून काहीबाही लिहिणं मला जमणार नाही. शेवटच्या दिवसांत ते एकदा म्हणाले, “कोण आलंय?” मी म्हटलं, “कुणी नाही.” म्हणाले, “मग दार का उघडंय?” दार बंदच होतं, फीबी. मी उठून ते उघडलं आणि पुन्हा लावलं, तेव्हा त्यांना झोप लागली. याचा अर्थ तू लाव. मी लावलेला नाही.

तुझ्या त्या कागदाची मात्र त्यांनी अखेरपर्यंत वाट पाहिली. ‘एक ओळ लिहायची होती तिला,’ असं म्हणायचे. पाद्र्यासमोर, परक्या पंथात लग्न केलं ही चूक झाली, एवढं तू सभेला लिहून दिलं असतंस तर सभेने तुला परत घेतलं असतं आणि बाबांनीही. तू आता लिहितेस, ‘कुठली ओळ लिहायची होती मी? कॉनराड चुकून झाला, अशी?’ हे मी जेहूला वाचून दाखवलं नाही.

आता सामानाचं. मागच्या पहिल्या वारी, सभेहून आल्यावर, जेहू, प्रिसिला आणि मी बैठकीच्या खोलीत बसलो. जेहू म्हणाला, “ज्याला आतून वाटेल त्यानं बोलावं.” मग आपण बसतो तसे बसलो. तुला ठाऊक आहे आपलं. एखादी वस्तू हवी आहे असं तोंडाने म्हणणं म्हणजे मोह, आणि समोरचा मागत नाही म्हणजे त्याला नकोच आहे असं धरून चालायचं. जेहू घड्याळाकडे बघायचं टाळत होता, म्हणून मला वाटलं त्याला ते हवंय, आणि मी म्हटलं, “घड्याळ जेहूकडे शोभेल.” त्याने मान डोलावली. नंतर प्रिसिला म्हणाली, त्याला त्या टोल्यांनी लहानपणापासून झोप येत नाही. प्रिसिलाचं मन सफरचंदाचा मुरंबा आटवायच्या तांब्याच्या हंड्यात गुंतलं होतं. ती म्हणाली, “मला काही नको हो, इथे राहायला मिळालं तेच खूप.” तर हंडा माझ्याकडे आला. माझ्या एकटीला एवढा मुरंबा कशाला? आईचं बाजूला पाय टाकून बसायचं खोगीर प्रिसिलाला दिलं. ती घोड्याला घाबरते. बाबांच्या रुंद काठाच्या टोपीविषयी कुणीच काही बोललं नाही, आणि मी सगळ्यांत जवळ बसले होते, म्हणून टोपी माझी झाली. ती मी खोलीतल्या खुंटीला अडकवली. सकाळी जाग आली की पहिल्यांदा वाटतं कुणी उभं आहे.

शेवटी जेहू म्हणाला, “सगळ्यांची मनं मोकळी दिसतात.” आणि आम्ही हात मिळवले.

तुझा वाटा वेगळा ठेवलाय. त्यात पिसांची गादी आणि कथलाच्या थाळ्या आहेत. तू काय हवं ते अजून लिहिलंच नाहीस. फक्त प्रश्न विचारतेस.

तुझी बहीण
टेसी


तिसरा महिना, २९वा दिवस

फीबी,

घरचं सगळं एकमताने पार पडलंय. जेहू शेत विकतोय. आयोवात आपल्या मंडळींची नवी सभा उभी राहिलीय. तिथली माती काळी आहे आणि नांगराला दगड लागत नाही, असं म्हणतात. जेहूने आयुष्यभर दगडच उचलले, त्याला मी दोष देत नाही. मीही त्यांच्याबरोबर जाईन. जेहूच्या मुलांना मी हवी आहे. पाचव्या महिन्यात निघायचं. तुझ्या वाट्याचं सामान गाडीने पाठवू, पत्ता नीट लिहून धाड.

घेणारा माणूस बाहेरचा आहे. हॅल्सी नावाचा, मेंढ्यांचा व्यापारी. त्याने दारात टोपी काढली आणि मला “बाईसाहेब, आपण” म्हणाला. इथे लहानथोर सगळेच एकमेकांना तू म्हणतात आणि कुणी कुणासाठी टोपी काढत नाही, त्यामुळे क्षणभर मी मागे वळून पाहिलं की कोण बाईसाहेब आल्या. त्याने सगळ्या खोल्या पाहिल्या. पश्चिमेच्या खोलीत भिंतीला हात लावला.

“ही भिंत गरम कशी?”

“पलीकडे भट्टी आहे. आज भाजायचा वार.”

“अरे वा. मग लोकर इथे ठेवतो. कोरडी राहील.”

मी म्हटलं, “हो, राहील.” ते खरंच आहे. त्या भिंतीशी काहीही कोरडं राहतं.

तू विचारशील, खोलीचं काय? खोलीचं काही अडणार नाही. हॅल्सीला घर मोकळं हवंय, एका बाईचा एका खोलीवर हक्क आहे असं घर त्याला नको. म्हणून जेहूने मला आणि प्रिसिलाला बसवलं आणि म्हणाला, “टेसीनं खोलीवरचा हक्क सोडला तर सगळ्यांचंच भलं होईल, असं मला आतून वाटतं. तिला आमच्या घरात जन्मभर जागा आहे.” मग आम्ही मौनात बसलो. बराच वेळ बसलो. मी बोलले नाही. तेव्हा जेहू म्हणाला, “सगळ्यांची मनं मोकळी दिसतात.”

तू म्हणशील, का नाही बोललीस? फीबी, बोलायला आत काही हलावं लागतं. बाबा गेल्यापासून आत काही हलत नाही. मी प्रामाणिकपणे बसते, डोळे मिटते, वाट बघते, आणि आत नुसतं थंड पडलेलं असतं. आणि आत काही नसताना उठून बोलणं म्हणजे देवाच्या नावाने आपलंच काहीतरी दामटणं. ते मी कधी केलं नाही. बाबांनी नवी शेगडी अडवली होती, आठवतं? सभागृहात शेगडी बसवायचं सगळ्यांनी ठरवलं, आणि बाबा उठून म्हणाले, “माझं मन यात मोकळं नाही.” झालं. एकाचं मन मोकळं नाही म्हणजे एकमत नाही, आणि एकमत नाही म्हणजे शेगडी नाही. कितीतरी हिवाळे सगळी सभा त्यांच्यापायी कुडकुडत बसली आणि कुणी त्यांना एका शब्दाने टोकलं नाही. पण त्यांना आतून खरंच वाटलं होतं. मला काय वाटलंय? मला काहीच वाटलेलं नाही.

पुढल्या महिनाअखेरीस सभेतले दोन वडीलधारे येऊन आमच्यासोबत बसतील, आणि त्यांच्यासमोर मी कागदावर सही करीन. तोवर हे नुसतं आपसातलं आहे.

इथे सगळे बरे आहेत.

टेसी


चौथा महिना, २१वा दिवस

फीबी,

‘तुझ्या तोंडात जीभ आहे की तीही वाटणीत गेली? कुणाच्या वाट्याला आली? त्या प्रिसिलाच्या असेल, तिला एक पुरत नसणार.’

तुझं हे पत्र घेऊन मी गोठ्यात गेले आणि गाईजवळ उभं राहून वाचलं. जीभ जागेवर आहे. आणि प्रिसिलाला तू उगाच बोलतेस. ती वाईट नाही. ती दिवसभर खोकी भरते आणि प्रत्येक खोक्यावर आत काय आहे ते लिहिते, आणि मग ते खोकं पुन्हा उघडून बघते.

पण पत्राचा पुढचा भाग मी परत परत वाचला. तू लिहितेस:

‘उचलून नेता येईल असं मला काही नको. गादी तू ठेव, थाळ्या जेहूच्या पोरांना दे. कॉनराडचा भाऊ गाड्या घेऊन लँकेस्टरला यायचाय, तुमच्या सहाव्या महिन्यात (बघ, तुझ्यासाठी लिहिलं). मी त्याच्याबरोबर निघते. तिथून तुमच्यापर्यंत कशीही येईन. मला फक्त एकच हवंय. शुक्रवारी, भट्टी पेटलेली असेल तेव्हा, आपल्या खोलीत, त्या भिंतीला पाठ टेकून बसायचंय. आपण दोघी कुडकुडत शाळेतून यायचो आणि आई म्हणायची, जा, भिंतीला चिकटा. माझं पहिलं मूल गेलं तेव्हा ते दुखणं निवेना, आणि मला सारखी ती भिंत आठवत होती. माणूस कुणी आठवत नव्हतं, भिंत आठवत होती. बाबा असेपर्यंत मागता येत नव्हती. आता मागते. तेवढाच माझा वाटा.’

फीबी, तुझं मूल गेलं हे आम्हाला कुणी सांगितलंच नाही. कोण सांगणार? ते परत पाठवलेलं पत्र त्यासाठीच होतं का? हे मी विचारलं असं समजू नकोस. उत्तर लिहू नकोस.

तू हे पहिल्याच पत्रात का नाही मागितलंस? आता सगळं झालंय. आठ दिवसांनी वडीलधारे येतील, मी सही करीन, आणि सहाव्या महिन्यात त्या खोलीत हॅल्सीची लोकर असेल. तो पाहुण्यांना घरात घेईलही कदाचित, टोपी काढून घेईल. पण भट्टी पेटवील असं वाटत नाही. त्याला पावाची गरज नाही, तो माणूस ठेवून स्वयंपाक करून घेतो.

तेव्हा येऊ नकोस. एवढ्या लांबून येऊन दारातून परत जायचं, हे तुझं या घरात दुसऱ्यांदा व्हायला नको.

मला हे लिहिताना काही वाटायला हवं होतं. शाई घट्ट झाली होती, म्हणून मी तिच्यात पाणी घातलं, एवढं आठवतंय.

टेसी


पाचवा महिना, १ला दिवस

फीबी,

आधीचं पत्र पोचलं असेल तर चुलीत घाल. हे नीट वाच.

परवा बसलो. वडीलधाऱ्यांपैकी थॉमझिन आणि अब्नर आले होते. थॉमझिन तुला आठवत असेल, तुला सभेतून काढलं त्या दिवशी जी एकटी खाली बघत बसली होती ती. आता काठी घेऊन चालते, पण डोळे तसेच आहेत. अब्नरला ऐकू येत नाही. तो मौनसभेला सगळ्यात आनंदाने येतो, कारण तिथे सगळेच त्याच्यासारखे असतात.

बसायला दुसरी जागाच नव्हती. बैठक खोक्यांनी भरलेली, स्वयंपाकघरात गाद्या बांधून ठेवलेल्या, बाहेर गाडी अर्धी लादलेली. रिकामी तेवढी पश्चिमेची खोली होती. माझा पलंगही प्रिसिलाने आदल्या दिवशी गाडीवर चढवला होता. म्हणून बाकं आत आणली. मी भिंतीकडच्या बाकावर बसले.

जेहूने कागद वाचला. ‘टेसी स्वखुशीने पश्चिमेच्या खोलीवरचा, जिन्याचा, भट्टीचा आणि सरपणाचा हक्क सोडून देत आहे.’ गाईचं त्यात नव्हतं, गाय आयोवाला येणार होती. वाचून त्याने कागद मांडीवर ठेवला आणि आम्ही मौनात गेलो.

मी प्रयत्न केला, फीबी. खरंच केला. डोळे मिटले आणि म्हटलं, तुझ्यासाठी तरी काही हलेल. तुझं मूल आठवलं. ज्याचं तोंडही मी पाहिलं नाही त्याला आठवायचं कसं? पण प्रयत्न केला. बाबांचं ते ‘दार का उघडंय’ आठवलं. आत काहीही नाही. बाहेर गाडीच्या घोड्याने पाय आपटला, ते ऐकू आलं. मग बराच वेळ ते पण नाही.

आणि मग अब्नरचा हात उठला. तुला ठाऊक आहे, दोघा वडीलधाऱ्यांनी हात मिळवले की बसणं संपलं, आणि जे ठरलं ते ठरलं. अब्नरचा हात थॉमझिनकडे निघाला, हळूहळू, त्याच्या खांद्यात वात आहे. मी तो हात बघत होते. थॉमझिननेही काठी दुसऱ्या हातात घेतली. अजून आत काहीच हललं नव्हतं.

मी उभी राहिले.

“माझं मन यात मोकळं नाही.”

माझा आवाज मला ओळखू आला नाही. सकाळपासून पहिल्यांदाच बोलत होते, त्यामुळे तो घोगरा आला. जेहूने वर पाहिलं. प्रिसिलाच्या मांडीवरची सुई खाली पडली. अब्नरचा हात हवेत तसाच राहिला, आणि तो सगळ्यांची तोंडं बघायला लागला.

जेहू म्हणाला, “टेसी, आपलं ठरलं होतं. तू गप्प बसली होतीस.”

“हो, गप्प बसले होते.”

“हॅल्सीला शब्द दिलाय मी. गाडी लादून झालीय.”

“दिसतंय मला.”

थॉमझिनने मला विचारलं, आणि तिच्या आवाजात काही धार नव्हती, “टेसी, तुला आतून सांगितलं गेलं का?”

इथे मी हो म्हणाले असते तर सगळं सोपं होतं. कुणी पुढे एक शब्द विचारला नसता. बाबांना तरी कुणी विचारलं होतं?

“नाही,” मी म्हटलं.

“मग?” हे प्रिसिला.

“आत काही नाही. बाबा गेल्यापासून आत काहीच नाही. मी वाट बघून दमले. भट्टी आठवडाभर पेटलेली नाही, आणि मी इथे बसले होते. पाठीला गार लागलं. एवढंच झालं.”

 त्यानंतरचं मौन आपल्या मौनासारखं नव्हतं. कुणाला काही सुचत नव्हतं, तसं होतं. मला वाटलं, आता थॉमझिन म्हणेल, बस खाली, आणि मी बसेन, आणि सही करीन.

अब्नरने विचारलं, “काय म्हणते ती?”

थॉमझिन त्याच्या कानाशी वाकून ओरडली, “म्हणते पाठीला गार लागलं!”

“मग भट्टी पेटवा की!” अब्नर म्हणाला आणि त्याने हात खाली घेतला.

थॉमझिनने काठी पुन्हा पहिल्या हातात घेतली. “जेहू, लिही,” ती म्हणाली, “एकमत नाही.”

जेहूने लिहिलं. फीबी, मी या भावाबरोबर जन्म काढलाय, पण त्याला एवढं हळू लिहिताना कधी पाहिलं नव्हतं. तो एका शब्दानेही बोलला नाही. आपल्यात तसं बोलत नाहीत. बाहेर जाऊन त्याने घोडे सोडले. त्याला आयोवा खरंच हवं होतं. ते मी त्याच्याकडून घेतलं, हे मला ठाऊक आहे, आणि तो पुढे काय करील ते मला ठाऊक नाही. हॅल्सी काल येऊन गेला. या वेळी त्याने टोपी काढली नाही.

वडीलधारे गेल्यावर प्रिसिला माझ्यासमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली. “तोंड उघडलंस तेही आम्ही शेवटचं खोकं बांधल्यावर! अगं, मुहूर्त तरी बघायचा!” मी म्हटलं, “चुकलं.” ती म्हणाली, “चुकलं म्हणे!” आणि खोकी सोडायला गेली. संध्याकाळी मी स्वयंपाकघराच्या दारातून गेले तेव्हा ती थाळ्या फडताळात परत लावत होती आणि गुणगुणत होती. आपल्यात गाणं नसतं, म्हणून मी पाय न वाजवता परत फिरले. थोड्या वेळाने तांब्याचा हंडा तिच्या चुलीशेजारी नेऊन ठेवला. तिने विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. पण तो तिथेच आहे.

काल सकाळी जिन्यात धाडधाड आवाज झाला. दार उघडलं तर जेहू सरपण आणून टाकत होता. मृत्युपत्रात ‘फोडून रचलेलं’ आहे ना, म्हणून त्याने ते फोडलं आणि रचलं, एकेक लाकूड आपटून. माझ्याकडे बघितलं नाही. रागावलेल्या माणसाच्या हातून इतकी सरळ रास लागते हे मला माहीत नव्हतं.

मी म्हटलं, “फीबीला बोलावते आहे.”

त्याने शेवटचं लाकूड हातात धरून ठेवलं. “तिच्यासाठी बोललीस?”

“माहीत नाही. गार लागलं म्हणून बोलले. पण ती येईल.”

“दाराला कडी लावत जाऊ नकोस मग,” तो म्हणाला. “मागच्या जिन्याचं. वर घेताना अडकते.” आणि गेला.

म्हणजे तू मागच्या जिन्याने यायचंस. ती वाट माझी आहे, तसं लिहिलेलं आहे. माझ्या खोलीत कोण बसावं, कोण बसू नये, याबद्दल बाबांनी एक अक्षर लिहिलेलं नाही. मी पुन्हा काढून वाचलं. ते विसरले असतील असं मला वाटत नाही. ते काही विसरत नसत.

मला अजून रडू आलेलं नाही, तशी अपेक्षा घेऊन येऊ नकोस. तुला मिठी मारून मी हुंदके देईन असं काही होणार नाही. तुझ्या मुलाचं मला अजून नीट वाटतही नाही, आणि ते मला फार लाजिरवाणं वाटतं, एवढं मात्र वाटतं. पलंग अजून गाडीवर आहे. जेहू उतरवत नाही आणि मी म्हणत नाही. जमिनीवर पेंढ्याची गादी आहे, तिच्यावर दोघींना दाटीवाटी होईल. खुंटीला टोपी आहे, तिला घाबरू नकोस.

आज सहावा वार, भट्टी पेटवली. राख काढायला अर्धी सकाळ गेली. पाव आत घातल्यावर मी खोलीत आले, जमिनीवर बसले आणि पाठ टेकली. दुपारपर्यंत तिथेच होते. प्रिसिलाने दोनदा हाका मारल्या. मी ओ दिली नाही.

तुझा दीर लँकेस्टरला पोचला की तिथून उगाच घाई करू नकोस, पण वार चुकवू नकोस. इतर दिवशी ती भिंत कुठल्याही भिंतीसारखी असते.

शुक्रवारी ये.

टेसी